रोअरच्या हंगामात काइमानावा: शिकारी आणि ट्रॅम्पर एकाच जंगलात

एप्रिल आला की न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या काइमानावा फॉरेस्ट पार्कमध्ये रायफलवाले आणि सॅकवाले एकदमच गर्दी करतात. रायफलवाले येतात रोअरसाठी, म्हणजे हरणांच्या माजाच्या हंगामासाठी. लाल हरणांचे नर मार्चअखेरीस डरकायला लागतात, सिका या जपानकडच्या हरणांच्या नरांचा जोर एप्रिलच्या मध्यापासून वाढतो. सॅकवाल्यांना, म्हणजे इथल्या भाषेत ट्रॅम्परना, याच आठवड्यांत ईस्टर, शाळांची सुट्टी आणि २५ एप्रिलच्या अँझॅक डेची रजा मिळते. त्यात एप्रिलच्या पहिल्या रविवारी उन्हाळी वेळ संपते आणि घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या दिवशीपर्यंत सातच्या आसपास होणारा सूर्यास्त एकदम सहाला येतो. मागच्या आठवड्याच्या अंदाजाने निघालेला ट्रॅम्पर हटपासून, म्हणजे जंगलातल्या मुक्कामाच्या खोपटापासून, अर्ध्या तासावर असतानाच अंधारून येतं. नेमक्या त्याच अर्ध्या तासात शिकारी कुरणाच्या कडेला हरीण बाहेर पडायची वाट बघत बसलेला असतो. माझ्या मते पूर्ण हंगामातला सगळ्यात धोक्याचा वेळ हाच.

महाराष्ट्रातून इथे आलेल्या माणसाला हे सगळं प्रथम पचत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढ्यांनी जंगलात बंदूक पाहिली ती वनरक्षकाकडे, नाहीतर चोरट्या शिकाऱ्याकडे. इथली गोष्ट निराळी आहे. या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरणं १८५१ मध्ये नेल्सनजवळ सोडली, सिका १९०५ मध्ये याच काइमानावात, आणि आपलं सांबरसुद्धा १८७५ मध्ये श्रीलंकेहून मानावातू भागात आणलं गेलं. इथल्या झाडांना चरणाऱ्या जनावरांची सवय नव्हती. कोवळी रोपं खाल्ली गेली आणि जंगलाचा खालचा थर उजाड होत गेला. म्हणून १९३० पासून सरकारच पगारी शिकारी ठेवून हरणं मारत होतं. १९५६ मध्ये हे काम फॉरेस्ट सर्व्हिसकडे आलं आणि त्या शिकाऱ्यांसाठी दऱ्याखोऱ्यांत शेकडो हट बांधले गेले. आज डिपार्टमेंट ऑफ कन्झर्व्हेशन, ज्याला सगळे ‘डॉक’ म्हणतात, ९५० हून अधिक हट सांभाळतं, आणि ट्रॅम्पर ज्या बंकवर पथारी पसरतो तो पुष्कळदा मुळात हरणं मारणाऱ्यासाठी ठोकलेला असतो. हटवर हक्क कुणाचा, हा वाद त्यामुळे मला निरर्थक वाटतो. जागा दोघांची आहे, आणि ती वाटून वापरायची रीत ठरलेली आहे.

आमच्या गटात शिकारीची तयारी टेबलावर पसरलेल्या नकाशापासून सुरू होते. फायरआर्म्स लायसन्स आधीच हातात हवं. त्यासाठी लेखी परीक्षा, प्रत्यक्ष हाताळणीचा वर्ग, तुमची आणि घरातल्या जवळच्या व्यक्तीची मुलाखत, नात्याबाहेरच्या ओळखीच्या माणसाची साक्ष आणि घरातल्या तिजोरीची तपासणी एवढं सगळं होतं. मुलाखतीची धास्ती अनेकांना वाटते, पण अडतं ते बहुधा तिजोरीवर. ती भिंतीला किंवा जमिनीला पक्की बोल्ट केलेली नसेल तर काम तिथेच थांबतं. लायसन्स मिळालं म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली असं नाही. त्यासाठी डॉकचा शिकार परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पैसे पडत नाहीत, आणि तो सोबत बाळगावा लागतो.

परवान्यासोबत जो नकाशा येतो तो नीट वाचावा. काइमानावाच्या कडेला माओरी मालकीचे भूखंड आणि खाजगी जमिनी आहेत. तिथे डॉकचा परवाना चालत नाही, मालकांची वेगळी परवानगी लागते. सीमारेषा धारेवरून जाते की ओढ्यातून, हे आधी बघून फोनवरच्या ऑफलाइन नकाशात आखून ठेवावं. बीच नावाच्या झाडांच्या दाट जंगलात कुंपण दिसत नाही. डॉकची विषप्रयोगाची यादीही त्याच बैठकीत तपासायची. पॉसम (बाहेरून आणलेला, झाडावर राहणारा लहान प्राणी) आणि उंदीर मारण्यासाठी १०८० हे विष टाकलं जातं, आणि जिथे ते नुकतंच पडलं आहे तिथल्या हरणाचं मांस खायचं नाही. कुत्रा नेणार असाल तर जास्त जपा. १०८० ने मेलेल्या पॉसमचं मांस खाऊनही कुत्रा मरतो, आणि कुत्र्यासाठी वेगळी परवानगीही लागते.

मग १:५०,००० चा टोपो नकाशा, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, आणि लाल पेन. आधी खुणा होतात त्या माणसांच्या: सगळ्या आखलेल्या पायवाटा, हट, तंबूच्या जागा, गाडीरस्ते, झुलते पूल आणि नदीकाठची सपाटी. नदीकाठ विसरला जातो. तिथे ट्राउट पकडणारे असतात, ते मळकट हिरव्या कपड्यांत, कमरेपर्यंत पाण्यात, तासन्‌तास न हलता उभे असतात आणि वाटेवर त्यांचा पत्ता नसतो. ‘ते इरिंगा’ नावाच्या जागेहून ओआमारू हटकडे जाणाऱ्या वाटेवर माउंटन बाइकवालेही येतात. सायकल वळणावरून आवाज न करता येते, म्हणून त्या वाटेलगतचा पट्टा आम्ही आणखी रुंद धरतो. वाटेच्या दोन्ही अंगांना २०० मीटर, हट आणि तळाभोवती त्याहून बराच जास्त, एवढ्या भागात गोळी नाही. हे आकडे कायद्याचे नाहीत, आमचे आहेत. परवान्याची अट एवढीच की हट, वाट, तळ, रस्ता यांच्या आसपास कुणाला धोका, भीती किंवा त्रास होईल अशी गोळी झाडायची नाही. पण ‘आसपास’ म्हणजे किती, हे हरीण समोर असताना ठरवायला गेलं तर प्रत्येक वेळी ते थोडं कमीच ठरतं. म्हणून आकडा टेबलावर पक्का करायचा.

पट्टे आखून झाले की उरलेल्या उतारांतून शिकारीचे उतार निवडायचे. निकष एकच: गोळी चुकली किंवा आरपार गेली तर कुठे थांबेल? .३०८ या हरणांच्या शिकारीच्या रायफलची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने सुटते आणि अडवायला काही नसेल तर चार किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. साध्या, लहान .२२ रायफलची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते. झाडी गोळी अडवत नाही, फार तर तिची दिशा बदलते, आणि ते आणखी वाईट. म्हणून आम्ही अशी सोंड शोधतो जिच्या माथ्यावरून समोरच्या किंवा खालच्या उतारावर बघता येतं. वाट पाठीमागे, जनावर समोर, आणि त्याच्यामागे भरभक्कम मातीचा चढ. धारेवर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर गोळी कधीच नाही, कितीही देखणा नर असो. धारेपलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि उमुकारिकारीसारख्या मोकळ्या धारांवरून तर वाटच जाते.

घर सोडताना कोण कुठे, कधी परत, किती वाजेपर्यंत खबर नाही आली तर पोलिसांना कळवायचं, हे घरी लिहून ठेवायचं. ४०६ मेगाहर्ट्‌झचं लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र, प्रत्येकाच्या अंगावर हवं. सॅकमध्ये ठेवलं आणि सॅक झाडाखाली राहिली तर त्याचा उपयोग नाही. गाडीत रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा सुटा होणारा दांडा, काढलेला आणि काडतुसं वेगळी. गाडीतळापासून हटपर्यंतच्या वाटेवर बोल्ट माझ्या खिशात आणि रायफल खांद्यावर असते. समोरून येणाऱ्या कुटुंबाला बोल्टची रिकामी जागा लांबूनही दिसते, आणि मुलांसोबत चालणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्याने लगेच उतरतो. थांबायचं, नळीचं तोंड त्यांच्यापासून लांब वळवायचं, नमस्कार करायचा आणि आपण कोणत्या ओढ्यात जाणार आहोत ते सांगायचं. जागा सांगितली तर दुसरा शिकारी तिथे घुसेल ही भीती काहींना असते. पण तुम्ही कुठे आहात हे दुसऱ्या शिकाऱ्याला माहीत असणं तुमच्याच जिवाला बरं. चुकून गोळी लागलेल्यांत त्याच गटातले शिकारीच जास्त असतात.

हटचे नियम थोडक्यात. रायफल हटबाहेर रिकामी करायची, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, बोट घालून खात्री करायची, बोल्ट काढून मगच आत आणायची. बोल्ट स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याजवळ आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत. हटच्या वहीत नाव लिहिताना ‘हंटिंग’ एवढंच न लिहिता उद्या कुठल्या उपनदीत, कुठल्या सोंडेवर आणि किती जण, हे लिहावं. उशिरा आलेला ट्रॅम्पर तेच वाचतो. पहाटे साडेचारला उठायचं असेल तर सामान रात्रीच बाहेरच्या ओसरीत बांधून ठेवावं, स्टोव्ह बाहेर पेटवावा, हेडलॅम्प लाल उजेडावर ठेवावा. हट भरला असला तरी अंधारात आलेल्याला जागा करून द्यायची, इथे तशीच पद्धत आहे. शिकाऱ्यांचा गट मोठा असेल तर त्यांनी सरळ तंबू आणावेत. चार दिवस सगळे बंक अडवून बसलेला गट पाहिला की शिकाऱ्यांबद्दल मन कलुषित होतं, आणि त्याची किंमत पुढच्या गटाला मोजावी लागते.

आता प्रत्यक्ष शिकारीकडे. काइमानावातल्या बीचच्या जंगलात नजर बहुतेक ठिकाणी तीसचाळीस मीटरपलीकडे जात नाही. दोघे असलो तर दोघांच्या मध्ये धार किंवा ओढा अशी ठळक सीमा ठेवतो, किंवा एकत्रच चालतो आणि रायफल एकाच्याच हातात असते. दुसरी पद्धत मला जास्त पटते. जोडीदार नजरेआड झाला की शिकार थांबली. रेडिओवर किंवा प्रत्यक्ष त्याची जागा कळेपर्यंत रायफल खांद्यावरून खाली येत नाही. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामा. हरीण ओळखून, मागची जमीन तपासून, मारायचं ठरल्यावरच काडतूस चेंबरमध्ये जातं. बोल्टच्या आवाजाने हरीण पळेल म्हणून काही जण चेंबर भरूनच फिरतात. हळूच दाबून सरकवला तर बोल्टचा आवाज फारसा होत नाही, आणि झालाच तर हरीण जाऊ द्यावं. ओल्या बीचच्या मुळांवर पाय घसरतोच, अशा वेळी चेंबरमध्ये काडतूस नको.

रोअरमध्ये आवाजच सगळ्यात जास्त फसवतो. नराला चिडवून जवळ आणायला शिकारी पोकळ नळीतून किंवा प्लॅस्टिकच्या कर्ण्यातून डरकाळी काढतात, आणि सरावलेला माणूस ती इतकी हुबेहूब काढतो की कान ओळखत नाही. दोन शिकारी एकमेकांना उत्तर देत तासभर एकमेकांच्या दिशेने सरकत राहतात, असं होतं. म्हणून आमच्या दृष्टीने डरकाळी म्हणजे फक्त ‘तिकडे काहीतरी आहे’. सिकाची शिट्टी, खुराचा आवाज, मोडलेली काटकी, हललेली फांदी, सगळ्याची किंमत तेवढीच. उत्तर फार नियमित यायला लागलं किंवा आपण थांबलो की तेही थांबायला लागलं, तर समोर माणूस आहे असं धरून मोठ्याने हाक मारायची.

ओळख पटवायची रीत अशी. प्रथम हातातली दुर्बीण, स्कोप (रायफलवर बसवलेली दुर्बीण) कधीच नाही. स्कोपमधून बघणं म्हणजे जे काही आहे त्यावर रायफल रोखणं, आणि ते माणूस निघालं तर तुम्ही माणसावर रायफल रोखलेली असते. जे दिसतंय ते माणूस आहे असं धरून सुरुवात करायची, आणि ते माणूस नाही हे जनावराने सिद्ध करायचं. तपकिरी ठिपका पुरत नाही, शिंगासारखी फांदी पुरत नाही, हलणारा कानही पुरत नाही. डोकं, मान आणि खांदा एकमेकांना जोडलेले, एकाच जनावराचे, स्पष्ट दिसले पाहिजेत. मधला भाग झुडपाने झाकला असेल तर मन तो स्वतःच भरून काढतं. सकाळपासून ताजे ठसे, लेंड्या, चिखलातली लोळण बघत आलेल्या मनाला हरीणच हवं असतं, म्हणून ते हरीणच भरतं. तपकिरी टोपी, करडी सॅक, वाकून बुटाची नाडी बांधणारा माणूस, यांचं हरीण होतं ते असं. जोडीदार सोबत असेल तर दोघांनी दुर्बिणीतून बघून हळू आवाजात काय दिसतंय ते सांगायचं. एकाला जरी शंका असली तरी गोळी नाही. हे सगळं होईपर्यंत बरीचशी हरणं निघून जातात. जाऊ द्यावीत.

थर्मल दुर्बिणी आता पुष्कळांकडे असतात. झाडीत काहीतरी उबदार आहे हे त्या दाखवतात, ते काय आहे हे दाखवत नाहीत. शोधायला ठीक, ओळखायला बाद.

रात्रीचा नियम सगळ्यात कडक आहे. डॉकच्या जमिनीवर सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते, आणि स्पॉटलाइट लावून शिकार पूर्ण बंद. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये लेबर डेच्या सुट्टीत तुरांगीजवळच्या एका तळावर दात घासायला उभ्या असलेल्या तरुणीला स्पॉटलाइट घेऊन फिरणाऱ्यांनी गोळी घातली. तिच्या हेडलॅम्पचा उजेड त्यांना हरणाच्या डोळ्यांची चमक वाटला. चमकणारा डोळा हे जनावर नव्हे, हे प्रत्येक शिकाऱ्याला पाठ असलं पाहिजे. आम्ही तर परवान्याची वेळ संपायच्या आधीच, रंग नीट दिसेनासे झाले की बोल्ट काढून ठेवतो.

भगव्या-नारिंगी कपड्यांबद्दल अजून गैरसमज आहेत. हरणाला लाल आणि नारिंगी रंग नीट वेगळे कळत नाहीत, त्याला ते मळकट दिसतात. निळा मात्र ठळक दिसतो. म्हणजे झगझगीत नारिंगी जाकिटाने शिकार बिघडत नाही. निळी जीन्स बिघडवते, आणि कपडे उजळ करणाऱ्या साबणपावडरीने धुतलेला कोट तर त्याहून जास्त. तरीही मी नारिंगीला ढाल मानत नाही. समोरच्याने ओळख पटवली नाही तर रंग वाचवत नाही. झाडीत वाकलेल्या माणसाचा नारिंगी भाग बुंध्यामागे गेला की उरतो तो तपकिरी.

हरीण पडलं की काम बदलतं, पण इतरांशी संबंध सुटत नाही. कोथळा काढायचा तो वाटेपासून, हटपासून आणि पाण्यापासून लांब. हटमधली माणसं ओढ्याचंच पाणी पितात, आणि वरच्या अंगाला कुजणारं आतडं पडलं असेल तर खाली त्याचा पत्ता लागत नाही. मांस लवकर गार करायचं: कातडी सोडवायची, मागच्या मांड्या आणि पाठीचे लांब पट्टे काढायचे, सुती पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगायचं. एप्रिलच्या उबदार दुपारी निळ्या माश्या अर्ध्या तासात अंडी घालतात, म्हणून पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं. पिशव्या हटच्या ओसरीत टांगू नयेत, रक्त फळ्यांत मुरतं आणि वास राहतो. डोकं आणि शिंगं पाठीवर नेताना त्यांच्यावर नारिंगी कापड पक्कं गुंडाळलंच पाहिजे. झुडपांतून उंच हलत जाणारी शिंगं म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला नेमकं हवं असलेलं दृश्य. खुलं मांस आणि रक्ताळलेली पिशवी वाटेवर मिरवू नये, सॅकच्या आत ठेवावी. अनेक ट्रॅम्परना ते बघवत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

ऑकलंड, वेलिंग्टनहून मोठ्या संख्येने ट्रॅम्पिंगला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी दुसऱ्या बाजूचं थोडं. या महिन्यात सॅकवर नारिंगी किंवा गर्द गुलाबी रेनकव्हर घाला. तपकिरी, खाकी आणि पांढरं टाळा. सिका घाबरलं की त्याचा पांढरा पार्श्वभाग फुलतो, आणि झाडीत हललेला पांढरा रुमाल किंवा टॉयलेट पेपर तसाच दिसतो. शौचाला वाट सोडून आत जाल तेव्हा अंगावर रंगीत काहीतरी असू द्या, सोबतीला सांगून जा, बोलत राहा. अंधारायला लागलं की हेडलॅम्प लगेच लावा आणि वाट सोडू नका. जवळून डरकाळी आली तर फोन काढून व्हिडिओ करायला तिच्या दिशेने जाऊ नका. नेहमीच्या आवाजात बोला, म्हणजे तिकडे शिकारी असेल तर त्याला कळेल. गोळीचा आवाज आला नाही म्हणून शिकारी नाहीत असं समजू नका. इथे सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचे आवाज दाबणारे नळकांडे) कायदेशीर आहेत आणि सर्रास वापरले जातात. त्याने नळीचा धमाका दबतो, गोळीचा कडाका राहतो, आणि त्यावरून दिशा कळत नाही. कुत्रा नेण्याची परवानगी असेल तिथे त्यालाही रंगीत जाकीट घाला. आणि हटवर शिकारी भेटले तर सरळ विचारा: उद्या कुठे, किती वाजता, किती जण? चांगला शिकारी नकाशा काढून बसतो. टाळाटाळ करणारा भेटला तर तुमचा बेत बदला.

कुणी वाटेजवळ किंवा रस्त्यावरून गोळी झाडताना, रात्री दिवे मारताना दिसला तर भांडायला जाऊ नये. वेळ, नकाशावरचा संदर्भ आणि गाडीचा नंबर टिपून घ्यावा. जीव धोक्यात असेल तर १११, नाहीतर पोलिसांचा १०५ किंवा डॉकची हॉटलाइन ०८०० ३६२ ४६८. शिकाऱ्यांनी तर हे आधी करायला हवं. आम्ही करतो, आणि गाडीतळावर परतलो की हटच्या वहीत लिहिलेला बेत पूर्ण झाल्याचं घरी कळवूनच रायफली गाडीत चढतात.